लॉकवाल्या खुंट्या

आमच्या हिच्या गिटारच्या तारा गेली सव्वीस वर्षं मी लावतोय. वाजवते ही, तारा लावतो मी. सुराच्या बाबतीत मी ठार औरंगजेब, कुकरची शिट्टी आणि दाराची बेल यांतला फरक कळतो एवढंच. पण छत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली आहेत. तार खुंटीच्या भोकात ओवायची, दोन बोटं ढील ठेवायची आणि तीन वेढे एकाखाली एक बसवायचे, हे काम माझ्याइतकं नेटकं कुणी करत नाही. खोटा विनय मला जमत नाही.

ही तारांना हात लावायची नाही. ते तुमचं खातं, म्हणायची, आणि शेजारी बसून दर दोन मिनिटांनी माझ्या कामात खोड काढायची. दर शनिवारी ही आणि तिच्या तीन मैत्रिणी एका हॉटेलात वाजवतात. मध्येच तार तुटली की ही स्टेजवरून उतरून सरळ माझ्या टेबलाशी येते, गिटार माझ्या मांडीवर टेकवते आणि माझ्या ग्लासातलं पाणी पिते.

येत्या मंगळवारी माझी बायपास आहे. घरात सांगितलंय की किरकोळ आहे, हल्ली दाढ काढावी तशी करतात. डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बसवून सांगितलं ते निराळं होतं. साखर, मूत्रपिंड, आधीचा झटका, सगळं धरलं तर माझ्यासारख्या शंभरांतले दहा-बारा टेबलावरून परत येत नाहीत. हे मी हिला सांगितलं नाही. हिच्या जिवाला घोर कशाला लावायचा? पण मी त्या दहा-बारांत निघालो तर शनिवारी हिची तार कोण लावणार, हे काही डोक्यातून जाईना. अशा वेळी माणसाला मोठमोठे विचार सुचतात म्हणे. मला खुंट्या सुचल्या.

लॉकवाल्या खुंट्या. साध्या खुंटीवर वेढे नीट बसले तरच तार टिकते. लॉकवालीच्या पाठीला एक छोटं चाक असतं. तार ओवा, ओढा, चाक आवळा, की आतली पिन तार गच्च धरते. वेढ्यांची भानगडच नाही. अर्ध्या फेऱ्यात तार सुराला येते आणि नवराही लागत नाही.

गुरुवारी सकाळी हिला गिटारसकट वाद्यांच्या दुकानात नेलं. जुन्या खुंट्यांना काय धाड भरलीय, असं ही वाटभर विचारत होती. काळाप्रमाणे बदलावं माणसाने, असं मी म्हणालो, तर तिने माझ्या पंधरा वर्षांच्या जुन्या चपलांकडे बघितलं.

दुकानदार शेंडीवाला, बोलायला गोड. त्याने आधी सोनेरी खुंट्या काढल्या. वजन किती, विचारलं तर ततपप. मी त्या त्याच्याच पार्सलच्या काट्यावर ठेवायला लावल्या. जुन्यांपेक्षा चांगल्या भारी निघाल्या. गिटारचं डोकं जड झालं की ते खाली झुकतं आणि वाजवणारीला दोन तास डाव्या हाताने तोलून धरावं लागतं. सोनं राहू दे म्हटलं. दुसऱ्या प्रकाराला मागे खाच होती, ती नाण्याने फिरवायची. स्टेजवरच्या अंधारात नाणं कोण शोधणार? तिसऱ्या आपोआप आवळणाऱ्या होत्या, पण जितके भाग जास्त तितकी कटकट जास्त, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकलोय. उरल्या साध्या चाकाच्या. त्यांतही एका प्रकाराचं चाक गुळगुळीत होतं. हिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सकाळी दुखतो, ही सांगत नाही पण बरणी माझ्याकडे सरकवते. म्हणून खरबरीत, मोठं चाक बघितलं आणि हिला सहाही चाकं फिरवून बघायला लावली. बरं आहे, म्हणाली, पण खिडकीबाहेर बघत.

खिशातून व्हर्नियर काढला आणि मापं घेतली. नव्या खुंट्यांना भोक दहा मिलिमीटरचं हवं, आमच्या गिटारचं साडेआठ. दुकानदार म्हणाला, काका, ठेवून जा, मी ड्रिल मारतो. ड्रिल म्हणे! लाकडाचे टवके उडाले असते. घरी येऊन मी हाताने फिरवायच्या रीमरने एकेक भोक सावकाश वाढवलं, सगळी दुपार त्यात गेली. ही दोनदा येऊन बघून गेली आणि एकदाही खोड काढली नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शुक्रवारी सकाळी हिला शिकवायला बसवलं. घड्याळ समोर ठेवलं. तार तुटल्यापासून दोन मिनिटांत नवी लागली पाहिजे, असा नियम केला. पहिल्या तारेला अकरा मिनिटं. चाक आवळायच्या आधीच हिने तार कापली. दुसरीला नको सांगितलेले वेढे दिले. पालथ्या घड्यावर पाणी. अगं, कारखान्यात आलेली नवी पोरं बरी, असं मी म्हणालो आणि आणखीही बरंच म्हणालो. ही मान खाली घालून ऐकत होती. माझ्या छातीत धडधडायला लागलं, राग की काय, कळेना. हिला हे यायलाच हवं होतं, आणि मधे फक्त तीन दिवस उरले होते.

इतक्यात बेल वाजली. गॅसवाला होता. सिलिंडर आत ठेवून घेतलं, सही केली, परत आलो. पाच मिनिटं झाली असतील.

सहाही तारा लागल्या होत्या. वेढा एकही नाही, शेपटं कापलेली, चाकं आवळलेली. ही सूर जुळवत बसली होती.

"तुला येतं?"

"लग्नाआधी माझ्या तारा कोण लावायचं?"

माझं डोकं फिरलं. सव्वीस वर्षं मला बनवलंस, अकरा मिनिटं काय, नको ते वेढे काय, हे नाटक कशासाठी, असा मी चढलोच. ती शांत होती. म्हणाली, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्ही गिटार माझ्या हातातून काढून घेतलीत, असं नसतं करायचं म्हणालात, आणि तासभर माझ्याशेजारी बसलात. त्या घरात आपण एवढा वेळ न भांडता पहिल्यांदाच बसलो होतो. म्हटलं, राहू दे हे काम यांच्याकडेच. आणि आज नाटक केलं ते तुमचं शिकवणं संपू नये म्हणून. पण तुमची तगमग बघवेना, मग लावल्या.

तिने गिटार बाजूला ठेवली.

"तारा मला येतात. तुमच्याशिवाय राहणं येत नाही. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगा आता. खरं सांगा."

किरकोळ आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ते काही निघेना. मग सगळं सांगितलं, आकड्यासकट. तिने माझा हात तेवढा धरून ठेवला. दुखऱ्या अंगठ्याने इतका घट्ट धरता येतो हे मला ठाऊक नव्हतं.

"मला भीती वाटते गं," मी म्हणालो. हे मी आयुष्यात कुणालाच म्हटलेलं नाही.

"मलाही," ती म्हणाली.

मग आम्ही तिथेच बसून राहिलो. जेवायची वेळ टळून गेली, पण कुणीच उठलं नाही.