थांबता न येणारा पहारेकरी

मी पेंगुळलेला पहारेकरी. नाव ऐकून हसू आलं असेल तर हसून घ्या. मलाही ते फार अभिमानानं सांगता येत नाही. मी एक पत्ता आहे, पण बदाम-इस्पिकच्या खानदानी घराण्यातला नव्हे. आमच्या खेळात हजारो पत्ते असतात. प्रत्येकावर एक चित्र, आणि त्याखाली त्या पत्त्यानं काय करायचं ते छापलेलं. खेळणारा त्यांतून आपल्याला हवे ते निवडतो आणि त्यांची गड्डी बांधतो. तिला डेक म्हणतात. दोघं समोरासमोर बसतात, आपापल्या डेकमधून एकेक पत्ता ओढतात, आणि समोरच्याचे सगळे प्राण जो आधी संपवतो तो जिंकतो.

माझ्या चित्रात भाल्यावर रेललेला, डोळे मिटत आलेला एक म्हातारा आहे. काम एकच. कोणी आत आलं की दचकून जागं व्हायचं आणि आलेल्याला बाहेर घालवायचं. आपला की परका, हे बघायची मुभा नाही. 'आज राहू दे' म्हणायचीही सोय नाही. पुढचं सगळं रामायण यातूनच घडलं, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

माझा जन्म छापखान्यातला. मोठ्या कागदावर शेजाऱ्यांना चिकटून होतो तेवढाच काय तो कुटुंबसहवास. मग कापले गेलो, पाकिटात बंद झालो आणि एका दुकानात पोचलो. ज्यानं पाकीट फोडलं त्यानं सोनेरी कडांचा एक पत्ता खिशात घातला आणि बाकीच्या आम्हाला गल्ल्यावरच सोडून दिलं.

दुकानाची मालकीण जाड भिंगाचा चष्मा लावणारी बाई. सगळे त्यांना काकू म्हणत. स्पर्धेत पंचही त्याच. नको असलेले पत्ते काकू एका खोक्यात टाकत. त्या खोक्याला सगळे उकिरडा म्हणत, आणि त्यात कोणाला काही वाईट वाटत नसे. आम्हाला वाटे, पण आम्हाला कोण विचारतो?

उकिरड्यात मी बरेच हंगाम काढले. तिथं पडल्या पडल्या माणसांचे हात पाहिले. माणूस पत्ता उचलतो, आधी किंमत बघतो, मग चित्र बघतो, आणि मजकूर वाचायची वेळ आली की खाली ठेवतो. मला वाटू लागलं, माझ्यावरचा मजकूर मुळातच वाचण्यासारखा नसावा. अजूनही ही शंका पुरती गेलेली नाही.

एका संध्याकाळी मला कोणीतरी कडांना धरून उचललं. पृष्ठभागाला बोट न लावता, काच धरावी तसं. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करणारा माणूस होता. त्यानं मला वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्यासारखे आणखी तीन पहारेकरी शोधून काढले आणि आम्हाला घरी नेलं.

त्याच्या घरच्या जुन्या पत्त्यांनी पहिल्याच दिवशी मला सावध केलं. "याचा हात चांगला आहे, डोकंही चांगलं आहे," ते म्हणाले, "पण हा शेवटपर्यंत बसत नाही." चष्मेवाल्यानं आजवर कितीतरी डेक बांधले होते, आणि त्यांतल्या एकानंही अख्खी स्पर्धा पाहिली नव्हती. एखादा डाव हरला की तो चष्मा काढून पुसायचा, "जरा काम आठवलं" असं पुटपुटायचा, काकूंना आपलं नाव काढायला सांगायचा आणि घरी. तो भित्रा होता असं मी म्हणणार नाही. हरताना आपल्याला कोणी बघू नये, एवढंच त्याला वाटत असावं. आता हे दोन्ही एकच असेल तर मात्र माझं म्हणणं मागे घेतो.

हे असंच चालू राहिलं असतं. पण त्याची मुलगी शाळेच्या शर्यतीत धावता धावता मागे पडली, आणि शर्यत अर्धवट सोडून बाजूला जाऊन बसली. पाय मुरगळला नव्हता, दमही लागला नव्हता. आईनं विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, "हरायला लागलं की उठायचं असतं. बाबा पण उठतात."

त्याची बायको नर्स. हे तिनं नवऱ्याला आवाज न चढवता, ड्युटीच्या कपड्यांना इस्त्री करता करता सांगितलं. मी टेबलावर उघडाच पडलो होतो, म्हणून ऐकलं.

"मी रागावले नाही तिला," ती म्हणाली. "कोणत्या तोंडानं रागावू?"

तिनं बाही उलटून इस्त्री फिरवली.

"हंगामाची शेवटची स्पर्धा आहे ना? तिला घेऊन जा. हरलास तरी चालेल, सगळे डाव हरलास तरी चालेल. पण उठून येऊ नकोस."

"जुना डेक आता टिकायचा नाही. नवा बांधावा लागेल."

"मग बांध. तिचे बूट घेऊन उरेल त्यात बांध."

उरलेल्यात भारी पत्ते येणं शक्यच नव्हतं. म्हणून तर आमची पाळी आली. गरिबाच्या डेकचं शास्त्रच वेगळं असतं. श्रीमंत डेकमध्ये प्रत्येक पत्ता एकटा पहिलवान असतो. गरीब डेकमध्ये कोणालाच एकट्यानं काही जमत नाही. दोघा-तिघांची अशी मोट बांधायची, की एकाच्या कामातून दुसऱ्याचं काम निघावं. याला खेळाडू कॉम्बो म्हणतात.

आमच्या मोटेत माझ्याशिवाय दोघं होते. एक हट्टी पाहुणा, जो फुकटासारखा मैदानात येतो आणि काहीच करत नाही. दुसरं फिरतं दार, जे बाहेर घालवलेल्याला लगेच आत आणून सोडतं. पाहुणा आत आला की मी त्याला घालवायचं, दारानं त्याला परत आणायचं, मी पुन्हा घालवायचं. याला अंत नाही. अंत आणायला हवा होता चौथा गडी, जकातदार. कोणी आत आलं की तो समोरच्याचा एक प्राण वसूल करतो. तो असला की पाहुण्याच्या चार येरझाऱ्यांत समोरचा गार.

पण जकातदार महागडा. सरावासाठी चष्मेवाल्यानं कागदाच्या कपट्यावर 'जकातदार' असं लिहून एका जुन्या पत्त्यावर चिकटवलं आणि बायकोला समोर बसवलं. मी, दार आणि पाहुणा मैदानात आलो. जकातदार अजून डेकमध्येच होता. पण आमचं चक्र पहिल्यांदाच जुळून आलेलं, त्या आनंदात त्यानं ते सुरू करून टाकलं.

"पाहुणा बाहेर," तो म्हणाला.

"मग?"

"मग आत."

"मग?"

"मग बाहेर."

"आणि मी कधी मरायचं?"

त्याचा हात हवेतच राहिला. जकातदार नाही, तर मरणार कोण? आणि चक्र थांबवावं, तर मला थांबता येत नाही. पुढचा पत्ता ओढावा, तर हे संपल्याशिवाय कोणाची पाळीच येत नाही. त्यानं नियम काढून पाहिले. असं कोणालाच न थांबवता येणारं चक्र सुरू झालं तर डाव बरोबरीत सुटतो.

"बटण नसलेला पंखा बांधलाय मी," तो डोकं धरून म्हणाला. चूक त्याची, पण शरम मला वाटली.

त्याची बायको मात्र हसायची थांबेना. "आपल्या संसारासारखंच आहे की. कोणी जिंकत नाही, पण मोडतही नाही."

खरा जकातदार शेवटी काकूंनीच दिला. त्यांच्या चष्म्याची काच सैल झाली होती, ती यानं नीट बसवून दिली. काकूंनी एक जकातदार पुढे केला. त्याचा कोपरा दुमडलेला होता, म्हणून कोणी घेत नव्हतं. "एकच आहे," त्या म्हणाल्या, "जपून वापर." प्लॅस्टिकच्या कव्हरात घातल्यावर तो आमच्यासारखाच दिसू लागला, तरी तो आमच्याशी जरा तुटकच वागे.

स्पर्धा दुकानाच्या मागच्या खोलीत होती. तिथं हरणारा बाद होत नाही, सगळ्या फेऱ्यांचे गुण जमवून शेवटी क्रम लागतो. मुलगी बापाच्या शेजारी स्टुलावर बसली. बायकोला ड्युटी होती. पहिल्याच फेरीत आमचा साफ धुव्वा उडाला. मी तर डेकच्या तळाशी होतो, हातातही आलो नाही. चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसायला घेतला. जुन्या पत्त्यांनी सांगितलेलं मला आठवलं आणि मनात म्हटलं, संपलं.

"बाबा, आता घरी जायचं?" मुलीनं विचारलं. तिनं पिशवीसुद्धा खांद्याला लावली होती.

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "नाही. अजून फेऱ्या आहेत."

पुढच्या फेरीत आम्ही चौघं एकत्र आलो आणि समोरचा गडी बघत राहिला. पाहुणा आत, बाहेर, आत, बाहेर, आणि जकातदार वसुली करतोय. आयुष्यात प्रथमच मी कोणाच्या उपयोगी पडत होतो. आनंद झाला म्हणण्यापेक्षा हायसं वाटलं म्हणणं खरं. त्यानंतर एक डाव जिंकलो, दोन हरलो. प्रत्येक हरण्यानंतर चष्मा पुसला गेला, आणि प्रत्येक वेळी तो परत डोळ्यांवर चढला.

शेवटच्या फेरीत समोर आला त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रेता, आणि त्याचा डेकही शोरूमसारखाच चकचकीत.

"भावोजी, तुम्ही अजून इथंच?" तो बसत म्हणाला. "मला वाटलं काम आठवलं असेल."

"आठवलं होतं. विसरलो."

मेव्हण्यानं खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "हे बघा, पहिले आठ पुढे जाणार. मी जिंकलो तर आठवा. तुम्ही जिंकलात तरी तुमचं काही होत नाही. मग सोडून द्या ना डाव. घरचाच माणूस पुढे जाईल."

यात त्याचं काही चुकलं नव्हतं. शेवटच्या फेरीत ज्याची संधी संपली त्यानं ओळखीच्यासाठी डाव सोडावा, हा या खेळातला रिवाजच आहे. त्याला कोणी पळपुटेपणा म्हणत नाही, उलट मोठं मन म्हणतात. इतकी वर्षं हा माणूस कारणं शोधून उठत आला, आणि आज कारण आपल्या पायांनी चालत आलं होतं. मला विचाराल तर मी 'उठ' म्हणालो असतो. माझा सल्ला कोणी घेत नाही, हे किती बरं.

मुलगी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत होती. रिवाज वगैरे तिला काय कळणार? तिला फक्त बाबा उठताना दिसले असते.

"खेळू या," चष्मेवाला म्हणाला.

"भावोजी, ताईला सांगेन हं."

"तिनंच बसवलंय."

मेव्हण्याचा चेहरा उतरला आणि खेळ सुरू झाला. त्यानं सगळा राग आमच्यावर काढला. जकातदार मैदानात पाऊल टाकतो न टाकतो तोच त्यानं त्याला जाळून बाद केलं. दार तेवढं मैदानात उरलं, तेही निरुपद्रवी म्हणून, आणि पाहुणा हातातच राहिला. पाळीमागून पाळी आमचे प्राण घटत गेले. शेवटी एकच पाळी उरली, पुढच्या हल्ल्यात खेळ खलास. चष्मेवाल्यानं डेकवर हात ठेवला. त्यानं पत्ता ओढला. तो पत्ता मी होतो.

माझ्या बळावर जिंकता येणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्यानं मला कडांना धरून मैदानात ठेवलं आणि माझ्यामागून हातातला पाहुणा आत सोडला. पाहुण्याला मी बाहेर काढलं. दारानं आत आणलं. मी बाहेर काढलं.

"बरं, मग?" मेव्हणा म्हणाला.

"मग आत."

"मग थांबवा की आता."

"थांबवता येत नाही."

"काकू, इकडे या जरा. हे काय चाललंय बघा."

काकू आल्या, चष्मा सावरत टेबलावर वाकल्या आणि आम्हा तिघांना नीट वाचलं. "तुझ्याकडे आहे का काही हे मोडायला?" त्यांनी मेव्हण्याला विचारलं.

"आत्ता हातात नाही. पुढच्या पाळीत..."

"पुढची पाळी येणारच नाही. तुझ्याकडे?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला.

"डाव बरोबरीत." काकू सरळ झाल्या. "माझ्या दुकानात हे पहिल्यांदा बघितलं."

चष्मेवाल्यानं श्वास सोडला. तो इतका लांब होता की माझ्या कव्हरावर वाफ धरली. तो जिंकला नव्हता. एकूण जमेला धरलं तर हरलेलेच डाव जास्त होते. पण फेऱ्या संपल्या होत्या आणि तो खुर्चीत होता. मुलीनं पिशवी खाली ठेवली होती. केव्हा ठेवली, ते मी पाहिलं नाही.

मेव्हणा नववा आला. तो भावोजींशी एक शब्द न बोलता निघून गेला, आणि त्या दिवसांत घरातला फोन वाजला की चष्मेवाला दचके. आपण मुलीपायी घरच्या माणसाचं नुकसान केलं का, हा प्रश्न तो काचा घासताना मनात घोळवत असावा. घरी आला की त्याच्या कपाळावर तो दिसे. मलाही त्याचं उत्तर माहीत नाही. शेवटी मेव्हणाच एका सुटीच्या दिवशी दारात उभा राहिला.

"ताई, चहा टाक. आणि भावोजी, ताई फोनवर म्हणाली तो बिनबटणाचा पंखा कसा बांधलात ते दाखवा. बटण मी बसवून देतो."

तेव्हा त्या घरात जे हायसं वाटलं, ते भिंतींनाही जाणवलं असेल.

आता नव्या हंगामाचे नवे संच आले आहेत. आमचा संच जुना झाला, स्पर्धेत चालत नाही. उकिरड्यात परत जायची मनाची तयारी मी केली होती. पण चष्मेवाल्यानं डेक मोडला नाही, मुलीला दिला. जेवणं झाली की बापलेक टेबलाशी बसतात. ती अजून कच्ची आहे. मला भलत्या वेळी खेळते, आपल्याच माणसांना माझ्या हातून बाहेर घालवते. मी मुकाट्यानं घालवतो.

आताही त्यांचा डाव चालू आहे. ती हरते आहे. खालचा ओठ पुढे आला आहे आणि एक पाय स्टुलावरून खाली सरकला आहे.

"बाबा, अजून किती हरायचंय?"

"थोडंच राहिलंय."

ती थोडा वेळ विचार करते. पाय वर घेते. डेकवर हात ठेवते.

वाचकहो, मला आता गप्प बसायला हवं. कधी एखाद्या खोक्यात हात घालाल तेव्हा आमच्यावरचा मजकूर शेवटपर्यंत वाचा, एवढंच मागणं. वरचा पत्ता मी आहे की दुसरा कोणी, मला सांगता येत नाही. मी नसलो तरी आज मला काही वाटणार नाही. ती पत्ता ओढते आहे.