मेहरूच्या नावाचा स्वार

माणसांचे चेहरे लिहून काढायचे, हे माझं काम. लाहोरला रावीकाठच्या मैदानात सरदारांच्या स्वारांची हजेरी भरे, तेव्हा एकेक स्वार माझ्यापुढे येऊन उभा राही आणि मी लिही: गव्हाळ वर्ण, रुंद कपाळ, डाव्या भुवईवर व्रण. सरदारांनी उसनी माणसं उभी करून बादशहाला फसवू नये म्हणून ही खटपट. सव्वीस वर्षं मी ती केली. पुढे पुढे तर जेवताना बायकोकडे पाहिलं तरी मनात ओळ जुळायला लागे. ती म्हणे, "अहो, मी काही स्वार नाही. भाजी कशी झालीय ते सांगा."

त्या चैत्रात कानाची पाळी तुटलेला एक जण समोर आला. म्हणाला, "दिलावर, वलद शाबाज, गाव कसूर."

मी कलम उचललं आणि थांबलो. हाच कान मी आधी दोनदा लिहिला होता, दोन निराळ्या नावांपुढे.

"मियाँ, मागच्या खेपेला तू करीमदाद होतास," मी हळूच म्हणालो.

"हो. त्याआधी फत्तू."

त्याने नाकारलं असतं तर बरं झालं असतं. वर कळवून मी मोकळा झालो असतो.

"खरं नाव?"

"लद्धा. सुजानचा मुलगा. पण ते नाव चालत नाही, लालाजी. तुम्हीच काट मारलीत त्याच्यावर."

दुपारी जुनी दप्तरं काढून पाहिली. खरंच होतं. लद्धा, सुजानचा मुलगा, मयत. अक्षर माझंच. नऊ वर्षांपूर्वी एका वेढ्यावरून तो तापाने फणफणत गावी गेला आणि पाच महिने उठला नाही. सरदाराने मेला म्हणून सांगितलं, मी लिहून टाकलं. बरा होऊन आला तेव्हा त्याला कोणी उभं करेना. सरदार आपलं खोटं कबूल करेना, आणि त्याच्या शब्दाशिवाय काझी दाखला देईना.

"तीन वर्षं उंबरे झिजवले," लद्धा म्हणाला. "मग ज्याला माणूस कमी पडेल त्याच्या रांगेत उभा राहायला लागलो. तेवढ्यापुरतं जेवण मिळतं."

मी मिर्झा कायम बेग यांच्याकडे गेलो. हजेरीची कचेरी त्यांच्या हाताखाली होती. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांवर गुलाबपाण्याची पट्टी ठेवून पडले होते.

"लाला, याला जिवंत करायचं तर सरदार खोटं बोलला हे लिहावं लागेल. तुम्ही तपासलं नाही, मी डोळे मिटून शिक्का मारला, तेही लिहावं लागेल. एकासाठी तिघं जाणार." पट्टी न काढताच ते म्हणाले, "त्याला भाऊबिऊ नाही का? मयताच्या जागी भाऊ घेता येतो."

लद्धाला विचारलं.

"होता. मेहरू. सात वर्षांचा असताना देवीच्या साथीत गेला."

"तुझ्याहून केवढा लहान?"

"दहा वर्षांनी."

"त्याला ओळखणारं कोणी येईल का इथे?"

"कोण येणार? आई होती, तीही गेली."

मी लिहिलं: मेहरू, सुजानचा मुलगा, वय चौतीस. लद्धाने ते दोनदा वाचून घेतलं. "आई त्याचं नाव कोणाला घेऊ देत नसे," एवढंच म्हणाला, आणि घोड्यावर टांग टाकून गेला.

पावसाळाभर तो किल्ल्याच्या दरवाजावर पहाऱ्याला होता. येता-जाता मला सलाम करी. अंगही भरलं होतं थोडं. मग हुकूम आला की तुकडी गझनीला जाणार, चाळिशीपुढच्यांनी लाहोरातच राहायचं. जाणाऱ्यांची यादी माझ्याच कागदांवरून झाली. मेहरूचं नाव तीत होतं.

तो कचेरीत आला. "मी चव्वेचाळीसचा आहे, लालाजी. तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. कागदाला नाही."

"बदलता येत नाही?"

"शिक्का झालाय."

तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. "गुडघा धरतो थंडीत," म्हणाला. मी अंगावरची शाल काढून दिली. त्याने ती चिमटीत धरून पाहिली. "लोकरीची आहे ना?"

"काश्मिरी आहे."

"मग बरं."

तो फाल्गुनात परतला. बर्फाने डाव्या पायाची तीन बोटं नेली होती. मिर्झांनी त्याला चाकरीतून मोकळं केलं. कारण मीच लिहिलं: पाय निकामी. मग दुसरा चेहरा लिहायला घेतला.

संध्याकाळी त्याला घरी आणलं. बायकोने रोट्या आणि सरसोंची भाजी वाढली. तो सावकाश, मान खाली घालून जेवला. दोन दिवस ओसरीवर झोपून होता. मी माफी मागायला दोनदा त्याच्या खाटेपाशी गेलो, दोन्ही वेळा तो झोपलेला होता. जागा असता तरी काय बोललो असतो कोण जाणे.

तिसऱ्या सकाळी त्याच्या गावाकडे, सियालकोटच्या वाटेने जाणाऱ्या एका बैलगाडीत त्याला बसवलं. बायकोने वाटेसाठी गूळ-फुटाणे बांधून दिले. गाडी हलल्यावर त्याने दुखरा पाय उचलून गवतावर नीट ठेवला आणि मला म्हणाला, "जा लालाजी, उन्हं चढतील."

मी कचेरीत गेलो. त्या दिवशी मुलतानकडच्या दोनशे स्वारांची हजेरी होती.