धाकटीचं पहिलं काम

धाकटी स्टुडिओत गेली होती चेहरा दाखवायला; फोटोग्राफरने पाहिले ते हात.

"चेहऱ्याचं पुढे बघू. हात मात्र जप," तो म्हणाला.

त्या दिवसापासून घरची धुणीभांडी, लादी सगळं ताईने अंगावर घेतलं. धाकटी नळाकडे वळली की ती खेकसायची, "राणीसाहेब, व्हा बाजूला!"

पहिलं काम आलं ते भांड्यांच्या साबणाच्या जाहिरातीचं. खरा फेस दिव्यांखाली बसतो, म्हणून बशीला दाढीचा फेस लावला होता. फोटो मनासारखे निघाले. मग फोटोग्राफर म्हणाला, "आता शेजारी खराब हात हवेत. दुसऱ्या साबणाने फाटलेले. रंगवलेल्या भेगा जवळून खोट्या दिसतात. तुझ्या घरी आहे कुणी?"

"ताई आहे," धाकटी बोलून गेली.

घरी तिने अर्धंच सांगितलं. त्यांना तुझेही हात हवेत, एवढंच. कशासाठी, ते सांगायला जीभ रेटेना.

"माझे?" ताई हरखून हसली. "डोळे तपासून घे म्हणावं त्याला!"

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत ताईने हात पुढे केले. रात्रभर व्हॅसलीन लावून ते कापडात गुंडाळून ठेवले होते. भेगा मिटल्यासारख्या दिसत होत्या. नखं नीट घासलेली होती.

फोटोग्राफर वैतागला. "हे काय करून आलात? भेगाच तर हव्या होत्या! हिने सांगितलं नाही?"

ताईने धाकटीकडे पाहिलं. हातांना धूळ लागू नये म्हणून हातमोजे घालून बसलेली धाकटी मान वर करेना.

"सांगितलं होतं हो," ताई म्हणाली. "मीच वेंधळी."

त्याने टबात गरम पाणी, साबण आणि धुण्याचा सोडा कालवला. ताईने बाह्या दुमडून हात बुडवले. पाण्यावर तेलकट तवंग आला.

धाकटी उठली. "ताई, चल घरी. मला नको हे काम."

"गप बस," ताई हळू आवाजात म्हणाली. "मी काय हौसेने घासली एवढी भांडी?"

हात वाळले तशा भेगा पांढऱ्या उमटल्या. फोटोग्राफरने ते दिव्याखाली उलटेपालटे करून पाहिले.

"अजून थोडं," तो म्हणाला.

ताईने हात पुन्हा पाण्यात घातले.