होडी कुठल्या बाजूला गेली

माझ्या नवऱ्याचं नाव वैजीनाथ. तेव्हा घ्यायची सोय नव्हती, आता घेते. लग्नानंतर वर्षभरात ते माझ्याशी मोजून दहा-बारा वाक्यं बोलले असतील, तीही बैलांबद्दल. मारकुटे नव्हते, व्यसनी नव्हते. पण असल्या घुम्या माणसाशी संसार करायचा तर भिंत काय वाईट? दिवाळीला भाऊ न्यायला आला की पुन्हा इकडं फिरकायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

त्याच दिवसांत पिंगळीला स्टेशनाजवळ सिनेमाचा तंबू लागला. रझाकारी संपून चार वर्षं झाली होती, अंधार पडल्यावर घराबाहेर निघायची भीती नुकतीच गेली होती. गाड्या जुंपून सारं गाव गेलं. मधोमध पडदा, पडद्याच्या पुढं पुरुष, पडद्याच्या मागल्या अंगाला बायका. हिंदी मला अर्धंमुर्धंच कळत होतं, पण गाणं सुरू झालं आणि मी माझी उरले नाही. चांदण्यात एक बाई होडीत बसून गात होती, आणि होडी हळूहळू डावीकडं, पडद्याबाहेर निघून गेली. मीही तिच्यासोबत गेले.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना तीच चाल ओठांवर आली. मी मधेच अडले, तर पुढचा तुकडा पऱ्हाटीपलीकडून ऐकू आला. हे गात होते. माझे हात बोंडावरच थांबले.

"होडी डावीकडं गेली तवा लय जीव तुटला," मी म्हणाले.

"डावीकडं न्हाई. उजवीकडं गेली."

मग आमची जी जुंपली ती दिवस कलेपर्यंत. वर्षभराचं बोलणं आम्ही त्या एका होडीवर खर्चून टाकलं. भांडताना हा माणूस गालात हसतो, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी ते कुणाला न सांगता पायीच कुठंतरी गेले. सकाळी भाऊ ओसरीवर येऊन बसला, माझं गाठोडं बांधून तयार होतं. मला गोठ्याजवळ गाठून ते हळूच म्हणाले, "काल बायकांच्या बाजूनं बघून आलो. लय शिव्या खाल्ल्या. तिकडून होडी डावीकडंच जाती. तुजं बी खरं हाय."

माझी बाजू बघायला माणूस दोन कोस चालून गेला होता. मला रडूच आलं.

गाडीत बसताना मी भावाला म्हणाले, "दादा, भाऊबीज झाली की मला लगेच आणून सोड. तंबू उठायच्या आत त्यांच्या बाजूनं होडी बघायची हाय."