भोपळ्याचं स्वप्न आणि माझ्या दोन रेघा

मी गर्भतपासणीची पट्टी बोलतेय. हो, तीच, जिच्यावर एक रेघ आली की घरात शांतता आणि दोन आल्या की गोंधळ. रेघा उमटवायच्या, एवढंच माझं काम. त्या कुणाच्या नशिबात होत्या, ते मला विचारू नका. पण उमटल्या तर विश्वास तरी ठेवा! तेवढंही माणसांना जमत नाही.

कारखान्यात माझ्यासारख्या ढिगाने जन्मतात. मी आणि माझी जुळी बहीण एका पाकिटात बसून गिजांगच्या बंदराजवळच्या औषधाच्या दुकानात आलो. तिथून आम्हाला घरी नेलं नारेने. नारे म्हणजे समुद्री शेवाळ वाळवून विकणाऱ्या मालसुनबाईंची धाकटी सून. लग्नाला सहा वर्षं झाली, अजून पाळणा हललेला नाही.

आम्हाला आणलं तेही सासूच्या स्वप्नापायी. मालसुनबाईंना दिसलं, की एक पिवळाधमक भोपळा गडगडत दारात आला आणि थेट थोरल्या सुनेच्या, बोग्योंगच्या मांडीवर जाऊन बसला. असं स्वप्न पडलं म्हणजे घरात मूल येणार, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"पण आई, माझं तर गर्भाशयच काढलंय," बोग्योंग हसत म्हणाली. गाठींमुळे ऑपरेशन होऊन तिला जेमतेम महिना झाला होता. "घरच नाही, तर पाहुणा उतरणार कुठे?"

"अगं, तू भोपळा नुसता धरून बसली होतीस. नारेला द्यायला!" सासूबाईंनी निकाल लावून टाकला.

मग रिवाजाप्रमाणे नारेने लोकरीचे मोजे देऊन ते स्वप्न सासूकडून विकत घेतलं. विकत घेतलं की स्वप्न आपलं झालं म्हणे. भोपळ्याला कुणी विचारलं?

माझ्या बहिणीवर एकच रेघ आली. नारे नळ सोडून न्हाणीघरात रडत बसली. मला तिने खणात ठेवलं, पुढच्या महिन्यासाठी.

त्याच खणातून मी पुढचा सगळा मूर्खपणा ऐकला. काही दिवसांनी बोग्योंगचं पोट दुखायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, अपचन. मग इथल्या जुन्या घरगुती उपायाप्रमाणे तिच्या अंगठ्याला करकचून दोरा बांधला आणि सुई टोचली. "बघ, कसं काळं रक्त आलं! अपचनच आहे." अहो बाई, एवढा दोरा आवळल्यावर कुणाचंही रक्त काळंच दिसणार! वर कोमट पाण्यात आलुबुखाऱ्याचं सरबत पाजलं.

"आई, खांदापण दुखतोय."

"विश्रांती सोडून शेवाळाला हात लावलास ना? मग दुखणारच."

मी खणात नुसती चडफडत होते. मला बाहेर काढा की! पण ज्या बाईला गर्भाशय नाही तिच्यासाठी मला कोण काढणार?

काढलं ते नारेनेच. मासळीच्या वासाने बोग्योंगला उलटी झाली आणि नारे दचकली. असली लक्षणं ती दर महिन्याला स्वतःच्या अंगात शोधायची, त्यामुळे तिला सगळी पाठ होती.

"वहिनी, एकदा बघू या का?"

"वेडी आहेस का? तुझी शेवटची पट्टी ना ती?"

"असू दे. घ्या."

आणि माझ्यावर दोन रेघा उमटल्या. ठसठशीत, लालभडक.

"नासकी पट्टी आहे!" सासूबाई ओरडल्या. "दुकानदाराने फसवलं!"

मी नासकी? पोटाला अपचन, खांद्याला शेवाळ, आता मी नासकी! माझा इतका संताप झाला, की तोंड असतं तर मीच बोंब मारली असती. एवढ्यात बोग्योंग पांढरीफटक पडली आणि न्हाणीच्या दारातच कोसळली. नारेने मला खिशात कोंबलं, वहिनीला गाडीत घातलं आणि इस्पितळ गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईने गर्भाशय काढल्याचं ऐकलं, मला पाहिलं, आणि ती हसली नाही. तिने तडक सोनोग्राफी केली. पोटात रक्त साठलं होतं, खांदाही त्यानेच दुखत होता. गर्भाशय काढलं, पण नळ्या मागे राहिल्या होत्या. ऑपरेशनच्या दिवशीच एक बीज फळून नळीत येऊन बसलं होतं, कुणाला पत्ताच नव्हता. तिथेच ते वाढलं आणि आता नळी फुटली होती.

"आणखी थोडा उशीर झाला असता, तर ही हाती लागली नसती," ती म्हणाली.

बोग्योंग वाचली. दुसऱ्या दिवशी सासूबाई शेवाळाचं सूप घेऊन आल्या. हे सूप बाळंतिणीला देतात आणि आजाऱ्यालाही. आपण कुणासाठी रांधलं ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं. डबा धरून त्या दाराशीच उभ्या राहिल्या. मग पिशवीतून ते लोकरीचे मोजे काढून त्यांनी नारेपुढे धरले.

"घे बाई परत. स्वप्न तुझं नव्हतं. मीच ते फिरवलं."

नारेने मोजे घेतले आणि बोग्योंगच्या गार पायांत चढवले. बोग्योंगने तिचा हात घट्ट धरला. दोघी रडल्या.

बायांनो, पोट दुखलं तर आधी मला विचारा. काय काढलंय नि काय उरलंय, तो हिशोब नंतर करा.

माझं काम संपलं. आता माझी जागा कचऱ्यात. पण नारेने मला रुमालात गुंडाळून ठेवलंय आणि रोज उघडून बघते. सहा वर्षं ती ज्या दोन रेघांची वाट बघत होती, त्या शेवटी तिला दिसल्या, पण तिच्या नव्हत्या. सगळ्यांवर चिडले मी, हिच्यावर चिडता येत नाही.

फेक गं मला, नारे. जा, नवीन पाकीट आण.