दोन बाजूंचा झेंडा

गोरॉन्वी टपालवाल्याने नोकरीच्या सगळ्या वर्षांत कोणाचं एकही पत्र फोडलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मात्र हाती आलेला प्रत्येक निरोप तो फोडत असे, त्यातलं टोचणारं काढून टाकत असे आणि उरलेलं तेवढं पोचवत असे. कुमहेलिग गावात आडनावं मोजकीच, त्यामुळे माणूस धंद्यावरून ओळखला जाई, आणि धंदा सुटला तरी नाव सुटत नसे. गोरॉन्वीच्या बाबतीत धंदाही सुटला नव्हता. फक्त मार्ग आखूड झाला होता: स्वतःच्या दारापासून शेजारच्या दारापर्यंत.

स्वतःच्या दारात त्याची बायको तेग्वेन राहायची. शेजारच्या दारात तिची धाकटी बहीण मोर्विद. दोन घरांमध्ये भिंत एकच होती. मोर्विदने केटली ठेवली की तेग्वेनला ऐकू येई, आणि तिलाही चहाची आठवण होई. पण वडिलांच्या अंत्ययात्रेपासून दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

भांडण शवपेटीवरच्या झेंड्याचं होतं. मोर्विद लग्नानंतर नवऱ्याबरोबर चर्चला जायला लागली होती, म्हणून तिने पेटीवर संत डेव्हिडचा झेंडा घातला, काळ्यावर पिवळा क्रॉस. तेग्वेनने सगळ्यांदेखत तो उचलला, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि देशाचा लाल ड्रॅगनचा झेंडा पसरला. वडील जन्मभर चॅपेलचे, म्हणजे चर्चपासून फुटून निघालेल्या पंथाचे होते. चॅपेलमध्ये पांढरी भिंत असते, घड्याळ असतं, दोन तास चालणारा उपदेश असतो, क्रॉस नसतो. क्रॉस म्हणजे चर्च, चर्च म्हणजे पूर्वीचे जमीनदार, आणि जमीनदार म्हणजे इंग्रज, असा तिथला हिशेब होता. उलट चर्चवाल्यांचं म्हणणं, बायबलच्या शेवटच्या भागात ड्रॅगन कोण आहे ते वाचा, सैतान आहे, आणि मग तो डोक्यावर मिरवा.

गोरॉन्वीला या वादाशी कर्तव्य नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं, की या दोघींनी पुन्हा एकदा एकत्र गावं. लग्नाआधी त्याने तेग्वेनला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती एकटी गात नव्हती. तिचा खालचा आवाज आणि मोर्विदचा वरचा, असं ते गाणं होतं. आता तेग्वेन चॅपेलमध्ये खालचा भाग गायची, मोर्विद चर्चमध्ये वरचा, आणि गोरॉन्वीला दर रविवारी अर्धंच गाणं मिळायचं.

संधी आली ती माणसं कमी झाल्यामुळे. एक मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, गाव टेकडीवरच्या शिळेपाशी जातं आणि शेकडो वर्षांपूर्वी इंग्रजांविरुद्ध झालेल्या ओवाइनच्या बंडात इथून गेलेल्या, परत न आलेल्या माणसांची आठवण करतं. पूर्वी दोन मिरवणुका निघायच्या. चॅपेलची ड्रॅगन घेऊन, चर्चची क्रॉस घेऊन, आणि वाटेत कोण पुढे यावरून कोपरं लागायची. आता चॅपेलवाले एका व्हॅनमध्ये मावत होते आणि चर्चवाल्यांना तर व्हॅनचीही गरज नव्हती. तेव्हा यंदा एकच मिरवणूक काढावी असं ठरलं. जमलं नाही तर पुढच्या वर्षीपासून घरी बसायचं, असंही ठरलं.

पण शिळेपाशी काठी एक, दोरी एक. झेंडा कोणता? वर ड्रॅगन, खाली क्रॉस म्हटलं, तर जनावराखाली क्रॉस लावायला चर्च तयार नव्हतं. उलट केलं, तर मायरिग खाटीक राजीनामा देणार होता. मायरिग चॅपेलचा ज्येष्ठ माणूस. तो वर्षातून दोनदा राजीनामा द्यायचा, पण या वेळी त्याचा चेहरा खरा वाटत होता. शेवटी सात गावांची चर्चं एकटी सांभाळणाऱ्या पाद्रीणबाई एलेरी यांनी घड्याळाकडे बघत सुचवलं, की एकाच झेंड्याच्या एका बाजूला ड्रॅगन करा, दुसऱ्या बाजूला क्रॉस. दोन्ही पक्षांना यात आपण हरलो असं कुठे दिसेना, म्हणून ते मान्य झालं.

गावात शिवणकाम येणाऱ्या बायका दोनच उरल्या होत्या. ड्रॅगन तेग्वेनकडे आला, क्रॉस मोर्विदकडे, आणि निरोप गोरॉन्वीकडे.

तो महिना त्याच्या गुडघ्यांना फार जड गेला. माप कळव, कापड पातळच घे म्हणाव, नाहीतर वारा काठी मोडेल, कडेला किती सोडायचं ते विचार. सोबत जे यायचं ते तो दोन दारांमधल्या पायरीवर सोडून देई. एके सकाळी तेग्वेन सुईत दोरा ओवत म्हणाली, "तिला सांग, मधलं जाड अस्तर तिनेच लावायचंय. काळ्या कापडामागे ते दिसत नाही. आणि या वेळी काम अर्धवट टाकून जाऊ नकोस म्हणाव, बाबांच्या आजारपणात गेलीस तशी."

हा निरोप गोरॉन्वीने पायरीवर उभं राहून पारखला. इतका विषारी निरोप त्याच्या हातात बऱ्याच दिवसांत आला नव्हता. त्याने तो सगळाच्या सगळा टाकून दिला आणि आत जाऊन सांगितलं, की तेग्वेनला तुझे टाके फार आवडले.

मोर्विदने भुवया वर केल्या. मग तिनेही निरोप दिला, की अस्तर तेग्वेनने लावावं, कारण आईचं शिलाई मशीन तिच्याकडे आहे, ते तिने कोणाला न विचारता नेलंय आणि त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे. घरी पोचेपर्यंत याचं झालं, "मोर्विद विचारत होती, मशीन बरं चालतंय ना?"

तेग्वेनने हातातला टाका पुरा केला. मग म्हणाली, "चालतंय म्हणाव." गोरॉन्वीला वाटलं, आपण आयुष्यभर याच कामासाठी जन्मलो होतो.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दोन्ही अर्धे त्याच्या हाती आले. कडा जोडायचं काम त्याचंच होतं; टपालाच्या पिशव्या शिवून त्याचा हात बसला होता. झेंडा हलका लागला तेव्हा त्याने समाधानाने मान हलवली. टेकडी चढायची होती.

सकाळी त्या दिवसाच्या रिवाजाप्रमाणे कोटांना लीकच्या कांद्यासारख्या पाती आणि डॅफोडिलची पिवळी फुलं टाचून सगळे निघाले. कोपरं लागली नाहीत. शिळेपाशी ठरल्याप्रमाणे चॅपेलवाले उत्तरेला उभे राहिले, म्हणजे त्यांच्याकडे ड्रॅगन यावा. चर्चवाले दक्षिणेला, त्यांच्याकडे क्रॉस. वारा पश्चिमेचा होता, अगदी हवा तसा. गोरॉन्वीने दोरी ओढली. झेंडा वर गेला, ताणला गेला, आणि त्याच क्षणी चर्चवाल्यांच्या पाठीमागून, ढगांतून, सूर्य बाहेर आला.

काळं कापड उजेड अडवतं. पिवळं अडवत नाही. चॅपेलवाल्यांच्या बाजूने पाहिलं तर झेंड्याच्या चारही कोपऱ्यांत अंधार झाला होता, आणि मधोमध, ड्रॅगनच्या पोटातून आरपार, क्रॉस झगझगत होता. उभा दांडा पाठीतून शिरून पोटातून निघाला होता, आडवा शेपटीतून शिरून छातीतून.

मायरिगने टोपी मागे सारली. "सळईवर घेतलाय," तो म्हणाला. जन्मभर हेच काम केलेल्या माणसाचं ते मत होतं.

पलीकडून चर्चवाल्यांना काहीच कळत नव्हतं. ऊन त्यांच्या बाजूने पडत होतं आणि त्यांचा क्रॉस जसा हवा तसा दिसत होता. समोरच्यांनी तोंडं का वाकडी केली आहेत, या विचाराने तेही रागावायला लागले.

तेवढ्यात उत्तरेच्या पायवाटेने नायजेल व्हिटकम वर आला. जुनी गिरणी विकत घेऊन तिथे सुट्ट्या घालवणारा हा इंग्रज माणूस मनाचा चांगला होता आणि दिसेल त्याचं कौतुक करायचा. त्याने कुत्र्याला थांबवलं, झेंड्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"वा. ड्रॅगन मारणारा आमचा सेंट जॉर्ज ना हा?" तो म्हणाला. "आजच्या दिवशी त्याचीही आठवण ठेवलीत. मोठं मन लागतं."

मग तो टोपी काढून आदराने उभा राहिला.

ओवाइनच्या माणसांच्या शिळेवर, संत डेव्हिडच्या दिवशी, कुमहेलिगने स्वतःच्या हाताने शिवून इंग्लंडचा संत चढवला होता. दक्षिणेकडून मोर्विद निघाली. ती काठीला वळसा घालून उत्तरेला आली, तेग्वेनच्या शेजारी उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. तिच्या मागोमाग एकेक करत सगळे चर्चवाले आले.

"अस्तर कुठंय?" तेग्वेनने विचारलं. झेंड्याकडे बघतच विचारलं, पण विचारलं मोर्विदला.

"तू लावणार होतीस ना."

"मी? मी तर निरोप पाठवला होता, तू लाव म्हणून."

"माझ्याकडे निरोप आला, की माझे टाके तुला आवडले."

"टाके?" तेग्वेन म्हणाली. "तुझे टाके मला कधी आवडलेत?"

"तेच म्हटलं मी मनात. ही आजारी बिजारी आहे की काय."

दोघी एकदमच वळल्या. गोरॉन्वी दोरी धरून उभा होता, आणि दोरी सोडता येत नव्हती, कारण चढवलेला झेंडा गाणं होईपर्यंत उतरवायचा नाही, हा शिळेचा नियम होता.

"आणखी काय काय पोचलं नाही माझं?" तेग्वेनने विचारलं.

"बरंचसं," गोरॉन्वी म्हणाला.

मोर्विदचे खांदे हलायला लागले. आधी तेग्वेनला वाटलं, ही रडतेय. मग तिने बहिणीचं तोंड पाहिलं, मग वर सळईवरचा ड्रॅगन पाहिला, आणि तिलाही आवरेना. मायरिगने ओठ घट्ट मिटून घेतले. व्हिटकम आपण काय चुकलो ते आठवत राहिला, त्याच्या हातात टोपी तशीच होती.

पाद्रीणबाईंना पुढच्या गावी जायचं होतं. त्यांनी सूर दिला. सगळे एकाच बाजूला उभे होते, कारण परत फिरायचं कोणाला सुचलंच नाही. पहिली ओळ डगमगली. दुसऱ्या ओळीला तेग्वेनचा खालचा आवाज लागला, आणि त्याच्यावर, जरा कापत, मोर्विदचा वरचा येऊन बसला. आवाज म्हातारे झाले होते. गोरॉन्वीने दोरी दोन्ही हातांनी पकडली आणि झेंड्याकडे बघत राहिला, कारण कुठेतरी बघायला हवं होतं.

उतरताना दोघी बहिणी हातात हात घालून पुढे चालल्या. झेंड्याची गुंडाळी खांद्यावर टाकून गोरॉन्वी मागे होता. कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं.

"तेग्वेन," मोर्विद न वळता म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, हा झेंडा सगळा उसवून ठेव. आज रात्री जेवण माझ्याकडे आहे, पण ते आपल्या दोघींचं आहे. त्याने घरी ब्रेड खावा. आणि बटर न लावता खावा म्हणाव, नाहीतरी सगळं काढूनच टाकायची सवय आहे त्याला."

तेग्वेन थांबली, वळली, आणि निरोप शब्दन्‌शब्द पोचवला. ब्रेड, बटर, काही एक गाळलं नाही.