डाव्या कलशातलं पाणी

बिबवेवाडीतलं ते मंगल कार्यालय रविवारी सकाळीच गच्च भरलं होतं. लग्न नव्हतं, महिपती महाराजांचं 'हार्मोनशुद्धी शिबिर' होतं. दाराशीच वजनकाटा. बारीक बायका उजव्या रांगेत, जाड बायका डाव्या. आपापल्या रांगेच्या कलशात बोट बुडवायचं आणि पिवळ्या कागदावर टेकवायचं. उजवीकडचे कागद पिवळेच राहत. डावीकडचे लालभडक होत आणि अख्खं सभागृह "अगं बाई!" करी.

"हाच तो पुरुषी अंश!" महाराज माइकवर गरजत. "आहारातून शिरला, अंगात मुरला, संसारात घुसला!" मग ते डागावर लिंबू पिळत, डाग पुन्हा पिवळा होई, आणि चूर्णाची पुडी खपे.

शनिवार पेठेत दवाखाना चालवता चालवता माझे केस पिकले. अशा शिबिरांचा आता रागही येत नाही, नुसता शीण येतो. तरी गेले, ते उत्कर्षासाठी. हिंजवडीत नोकरी करणारी ही माझी पेशंट. तिच्या रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन जरासं जास्त आलं आणि लॅबने आकड्याशेजारी चांदणी छापली. घाबरून तिच्या आईने, सत्यशीलाताईंनी, तिला महाराजांच्या आधीच्या शिबिरात नेलं. कागद लाल झाला. पोरीने अभयला लग्नाला नकार कळवायचं ठरवलं. "मॅडम, मी पूर्ण बाईच नाहीये. त्याला कशाला फसवू?" हे ऐकून मला घरी बसवेना. दोघींना घेऊनच आले.

मी उठून पुढे गेले. "महाराज, पुरुषी अंशाने कागद लाल होतो ना? मग आपला तर सगळ्यांत लाल व्हायला हवा. बुडवा बोट." उजवा कलश मी पुढे केला.

एवढ्या लोकांपुढे नाही कसं म्हणणार? झुपकेदार मिशीच्या महाराजांचा कागद पिवळाधमक राहिला.

"अभिनंदन," मागून एक आजी म्हणाल्या.

"पुरुषांना डावा कलश लागतो!" महाराज चिडले.

"बरं." उजव्या रांगेतल्या निकिता नावाच्या काटकुळ्या मुलीला मी डाव्या कलशात बोट बुडवायला लावलं. कागद लाल!

मग मी डाव्या कलशाच्या तळाशी हात घातला आणि पांढरा गाळ वर काढला. "हा चुना. कागदाला हळद फासली आहे. चुन्याने हळद लाल होते, लिंबाने परत पिवळी. घरी करून बघा, पुडी न घेता."

बायका उठल्या. दोघी-तिघी तरीही पुडीच्या रांगेत उभ्याच राहिल्या.

बाहेर चहा घेताना उत्कर्षाने विचारलं, "पण मॅडम, रिपोर्टवरची चांदणी तर खरी आहे ना?"

"आकडा खरा आहे. पण 'नॉर्मल'ची पट्टी कुणाच्या मापाची? हे हार्मोन प्रत्येक बाईत असतं आणि वजनाबरोबर त्याचे आकडे हलतात. पट्टी मात्र बरेचदा सडपातळ बायकांच्या रक्तावरून ठरते. जाड बायकांसाठी सर्वमान्य अशी वेगळी पट्टी अजून नाही. म्हणून तुझी पाळी, लव, सोनोग्राफी, सगळं बघून मी ठरवीन. आणि बाई आहेस की नाही, हे त्या आकड्यात नसतंच."

"म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही?"

"नाही. लोक शोधतायत. पण माहीत नाही हे सांगायला आम्हाला कलश लागत नाही."

ती कितीतरी दिवसांनी हसली. मग तिने फोन लावला. "अभय, संध्याकाळी घरी ये. आई पोहे करणारे." सत्यशीलाताईंनी पदराने डोळे पुसले.

महाराज पुढच्या रविवारी दुसऱ्या कार्यालयात असतील. बायांनो, कागद लाल झाला तर दुसऱ्या कलशात बोट बुडवून बघा. रिपोर्टवर चांदणी आली तर कुणाच्या पट्टीने मोजलं, ते डॉक्टरला विचारा. मी दमले आहे. आता तुम्ही विचारा.